चालता येतं, पण दिवसभर नाही

ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये एपकॉट नावाचं उद्यान आहे. त्याच्या मागच्या भागात एक मोठं तळं आहे आणि तळ्याच्या काठाने मेक्सिको, नॉर्वे, चीनपासून जपान, फ्रान्स, कॅनडापर्यंत ११ देशांची दालनं आहेत. या तळ्याला एक फेरी मारायची तर साधारण १.९ किलोमीटर चालावं लागतं. मुंबईकराच्या हिशेबात शिवाजी पार्कच्या कट्ट्याला दीडहून अधिक फेऱ्या. ही झाली नुसती काठाची वाट. दालनांच्या आत शिरणं, राइडच्या रांगा, जेवायची जागा शोधणं, स्वच्छतागृह गाठणं आणि मुळात प्रवेशद्वारापासून तळ्यापर्यंत येणं हे सगळं मिळवलं, की दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटरची पायपीट सहज होते. आणि डिस्ने वर्ल्डमध्ये अशी मोठी उद्यानं चार आहेत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलेलं मॅजिक किंगडम, १९८२चं एपकॉट, १९८९चं हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८चं अ‍ॅनिमल किंगडम. सगळा परिसर १०० चौरस किलोमीटरांहून मोठा.

इथे येणाऱ्या कुटुंबांत बरेचदा तीन पिढ्या असतात. लहान मुलं बाबागाडीत बसतात, त्यांचे आईवडील चालतात. अडचण होते ती आजी-आजोबांची. मुलाकडे किंवा लेकीकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आलेले मराठी आईवडील असोत, की पुण्या-मुंबईहून ग्रुप टूरने आलेलं निवृत्त जोडपं, ऑर्लँडो त्यांच्या यादीत बहुतेक वेळा असतंच. यातल्या अनेकांचं घरी काही अडत नाही. सकाळी अर्धा तास फिरणं होतं, भाजी आणणं होतं, एखादा जिनाही चढून होतो. म्हणून ‘तुम्हाला चालायला जमेल ना?’ असं विचारलं, की उत्तर येतं, ‘न जमायला काय झालं!’ आणि पहिल्याच दिवशी दुपारी एकच्या सुमाराला हीच माणसं सावलीतलं बाकडं शोधू लागतात.

कारण चालणं आणि दिवसभर चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झिजलेल्या गुडघ्याला चालण्यापेक्षा ताटकळत उभं राहणं जास्त जाचतं, आणि थीम पार्कचा निम्मा दिवस रांगेत उभं राहण्यातच जातो. संधिवात, हृदयाचा अशक्तपणा, दमा, फुप्फुसांचे जुने आजार, पाठीच्या मणक्याचं दुखणं, नुकताच बदललेला गुडघा, केमोथेरपीनंतरचा थकवा, या सगळ्यांत माणूस चालू शकतो, पण त्याच्या ताकदीचा साठा मोजका असतो. तो वाटेत संपला, की पुढचा दिवसही हातचा जातो.

अशांसाठी तिथे सर्रास वापरली जाणारी सोय म्हणजे भाड्याची मोबिलिटी स्कूटर. आपल्या पेट्रोलच्या स्कूटरशी तिचा संबंध नावापुरता. तीन किंवा चार छोटी चाकं, हात टेकवायला दांडे असलेली खुर्ची, समोर उभा खांब, त्यावर हँडल आणि बास्केट, खुर्चीखाली बॅटरी. वेग माणसाच्या झपाझप चालण्याइतका, जास्तीत जास्त ताशी सहा ते आठ किलोमीटर. डिस्नेच्या फलकांवर तिला ‘ईसीव्ही’ म्हणतात.

ही गाडी घरगुती गरजेतून जन्माला आली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात प्लंबिंग आणि हीटिंगची कामं घेणारे अ‍ॅल थीम यांच्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला आणि तिचं हिंडणंफिरणं कमी कमी होत गेलं. त्या काळच्या व्हीलचेअर अवजड होत्या आणि त्यांच्याकडे बघितलं की आधी आजारच डोळ्यांत भरायचा. थीम यांनी १९६८ साली स्वतःच जुळवाजुळव करून बॅटरीवर चालणारी, पुढे एक चाक असलेली छोटी गाडी तयार केली. तिचं नाव ‘अमिगो’. त्यातून त्याच नावाची कंपनी उभी राहिली. पुढे अमेरिकेतल्या मोठ्या किराणा दुकानांत बसून सामान घेण्याच्या ज्या गाड्या आल्या, त्याही ही कंपनी बनवते.

गाडी आली तरी तिला रस्ता हवा. पायऱ्या, उंच कठडे, अरुंद दारं असतील तर स्कूटर घेऊन जायचं कुठे? ते उत्तर कायद्यातून मिळालं, आणि कायदा सहज मिळाला नाही. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये अपंग कार्यकर्त्यांनी आपल्या व्हीलचेअर आणि कुबड्या बाजूला ठेवल्या आणि संसदभवनाच्या पायऱ्या सरपटत, हातांवर जोर देत चढल्या. त्यांच्यात आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्याच वर्षी २६ जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश थोरले यांनी ‘अमेरिकन्स विथ डिसेबिलिटीज अ‍ॅक्ट’वर सही केली. दुकान, हॉटेल, थिएटर, करमणुकीची उद्यानं अशा लोकांना खुल्या असलेल्या खासगी जागाही या कायद्याखाली आल्या. मार्च २०११ पासून लागू झालेल्या नियमांनी आणखी स्पष्ट केलं, की मुख्यतः चालण्याची अडचण असलेल्यांसाठी बनवलेली गाडी, हाताने ढकलायची असो वा बॅटरीची, जिथे पायी चालणाऱ्यांना मज्जाव नाही तिथे नेऊ द्यायलाच हवी. डिस्नेच्या वाटांवरचे उतार, रुंद दारं, बसला असलेले रॅम्प यांच्यामागे हा इतिहास आहे. पर्यटकाला तो माहीत असावा, म्हणजे ही सोय उपकार म्हणून मिळाल्यासारखी वाटणार नाही.

आपल्याकडच्या वाचकाला एका गोष्टीचं नवल वाटेल. ही स्कूटर भाड्याने घ्यायला डॉक्टरचा दाखला लागत नाही, अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागत नाही, ‘तुम्हाला झालंय काय?’ असं कुणी विचारत नाही. अठरा वर्षं पूर्ण हवीत आणि स्कूटर स्वतः चालवता यायला हवी, एवढंच.

भाड्याने घेण्याचे मार्ग दोन. पहिला, उद्यानाच्या दारातच. डिस्नेच्या उद्यानांत दिवसाचं भाडं सध्या ६५ डॉलरच्या आसपास आहे, वर परत मिळणारं २० डॉलर डिपॉझिट. साधी हाताने ढकलायची व्हीलचेअर १२ डॉलरला मिळते. उद्यानातली स्कूटर दणकट असते, पण तिच्या मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. आधी बुकिंग नाही. जो पहिला येईल त्याला, आणि गर्दीच्या दिवशी सकाळ सरण्याआधीच साऱ्या गाड्या संपलेल्या असतात. शिवाय ती उद्यानाबाहेर नेता येत नाही. म्हणजे हॉटेलपासून बसपर्यंत, बसपासून दारापर्यंत आणि रात्री आतषबाजी संपल्यावर पाय बोलू लागलेले असताना पुन्हा तेवढंच अंतर चालून जायचं. मॅजिक किंगडमला स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्यांचा तर आणखी एक टप्पा असतो: गाडी लांबच्या तळावर लावून तिथून मोनोरेल किंवा फेरीबोटीने तलावापलीकडे जावं लागतं, मग कुठे उद्यानाचं दार येतं.

दुसरा मार्ग म्हणजे ऑर्लँडोतल्या भाड्याने स्कूटर देणाऱ्या बाहेरच्या कंपन्या. आठवड्यासाठी आधीच बुकिंग करायचं, स्कूटर हॉटेलवर मिळते, जाताना तिथेच परत द्यायची. उद्यानात तीन-चार दिवस स्कूटर घेण्याचा जो खर्च होतो, तेवढ्यात बहुधा आख्खा आठवडा निघतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती चोवीस तास आपल्याजवळ राहते. नाश्त्याला जाताना, लॉबीतून खोलीकडे येताना, बसमध्ये, बोटीत. डिस्नेच्या मोठमोठ्या हॉटेलांत खोलीपासून बसथांब्यापर्यंतचं अंतरच कधीकधी अर्धा किलोमीटर भरतं. एका दिवसापुरतं जाणाऱ्याने उद्यानात स्कूटर घ्यायला हरकत नाही. तीन दिवसांहून जास्त राहणाऱ्याने बाहेरूनच घ्यावी. मात्र बुकिंग करताना दोन गोष्टी नक्की विचाराव्यात: स्कूटर किती वजन पेलते, आणि हॉटेलवर ती घ्यायला स्वतः हजर राहावं लागतं का. काही कंपन्यांना हॉटेलच्या कर्मचाऱ्यांकडे स्कूटर ठेवून जाता येत नाही, ती ग्राहकाच्या हातातच द्यावी लागते. विमान उशिरा उतरणार असेल तर ही वेळ आधीच ठरवलेली बरी.

भारतातून स्वतःची स्कूटर नेण्याचा विचार कुणी करत असेल, तर बॅटरीचे नियम आडवे येतात. लिथियम बॅटरी किती वॉट-अवरची आहे, ती काढता येते का, टोकं कशी झाकली आहेत, हे विमान कंपनीला आधी कळवावं लागतं. अमेरिकेत वीज ११०-१२० व्होल्टची असल्याने चार्जरही तपासून न्यावा लागतो. काही दिवसांच्या सहलीसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

चालवायला ही गाडी सोपी आहे, पण पहिली दहा मिनिटं सांभाळायची. हँडलच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याने किंवा बोटांनी दाबायच्या दोन पट्ट्या असतात. बहुतेक गाड्यांत उजवी दाबली की पुढे, डावी दाबली की मागे. वेगळा ब्रेक शोधायचा नाही. पट्टी सोडली की गाडी आपोआप थांबते आणि विजेवर चालणारा ब्रेक लागतो. नवख्या माणसाची चूक नेमकी इथेच होते. घाबरलं, की हात मूठ आवळतो, आणि मूठ आवळली की पट्टी आणखी दाबली जाते. दुचाकी चालवलेल्यांना तर ब्रेक म्हणून काहीतरी आवळायची सवयच असते. म्हणून हॉटेलच्या मोकळ्या आवारात आधी ‘सोडलं की थांबतं’ हे हाताला शिकवावं. हँडलच्या मध्यावर वेगाची गोल कळ असते. तिच्या एका टोकाला कासव, दुसऱ्या टोकाला ससा काढलेला असतो. गर्दीत, लिफ्टमध्ये, दुकानात आणि मागे घेताना कळ कासवाकडेच हवी.

तीन चाकांची गाडी जागच्या जागी चटकन वळते, चार चाकांची उतारावर जास्त स्थिर असते. मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर घोड्यांच्या ट्रामचे रूळ आहेत. ते तिरके ओलांडायला गेलं तर पुढचं चाक खाचेत अडकू शकतं. सरळ काटकोनात ओलांडावेत. अ‍ॅनिमल किंगडमच्या आफ्रिका आणि आशिया भागांत वाटा मुद्दाम खडबडीत, कच्च्या रस्त्यासारख्या केलेल्या आहेत आणि चढउतारही आहेत. तिथे पाठीचं दुखणं असलेल्याला धक्के जाणवतात. वेग कमी ठेवणं हाच उपाय.

नव्या चालकाची खरी परीक्षा असते बसमध्ये. डिस्नेच्या बस रॅम्पच्या आहेत आणि प्रत्येक बसमध्ये व्हीलचेअर किंवा स्कूटरसाठी मोजक्याच, बहुधा दोन जागा असतात. बस थांबली की ड्रायव्हर रॅम्प उघडतो आणि स्कूटरवाल्याला रांगेतल्या इतरांच्या आधी आत घेतो. चढताना सरळ रेषेत यायचं, आत आल्यावर पुढे-मागे करत स्कूटर भिंतीलगत लावायची. ड्रायव्हर कुठे, किती वळवायची ते सांगतो, पण चालवायची आपल्यालाच. मग तो वाकून गाडीच्या चौकटीला पट्टे अडकवतो, आवळतो, हलवून बघतो. चालता येत असेल तर आपण उतरून बाजूच्या आसनावर बसायचं, किल्ली काढून घ्यायची. या सगळ्याला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ आख्खी बस बघत असते. पहिल्यांदा कपाळाला घाम फुटतो. दोन दिवसांनी सवय होते. दोन्ही जागा भरलेल्या असतील तर मात्र पुढच्या बसची वाट बघावी लागते, तेव्हा जेवणाचं आरक्षण असेल तर हाताशी वेळ ठेवून निघावं. मोनोरेलला फलाट आणि डबा यांच्यामध्ये कर्मचारी रॅम्प टाकतो. २०१९ साली सुरू झालेल्या स्कायलायनर या हवाई पाळण्यांच्या मुख्य मार्गावर पाळणे थांबत नाहीत. पण स्कूटरवाल्यांसाठी स्थानकावर वेगळा मार्ग केलेला आहे आणि तिथे पाळणा पूर्ण थांबतो. ही व्यवस्था बसपेक्षा किती तरी निवांत आहे.

राइडच्या बाबतीत सगळीकडे एकच नियम नाही. नव्या राइडच्या रांगा रुंद आहेत, स्कूटर थेट आत जाते. मॅजिक किंगडममधल्या काही जुन्या रांगा अरुंद, म्हणून तिथे वेगळं दार असतं. काही ठिकाणी स्कूटर बाहेर ठेवून तिथल्या साध्या व्हीलचेअरवर बसावं लागतं. अ‍ॅनिमल किंगडमची किलिमंजारो सफारी त्यातलीच एक. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’मध्ये व्हीलचेअरसह चढता येईल अशी वेगळी नाव आहे. स्पेस माउंटनसारख्या वेगवान राइडमध्ये मात्र स्वतः उठून राइडच्या आसनावर बसता यायला हवं. ऑर्लँडोतच असलेल्या युनिव्हर्सलच्या उद्यानांतही अनेक रांगांमध्ये स्कूटर नेता येत नाही, साध्या व्हीलचेअरवर बदलावं लागतं. म्हणूनच खुर्ची ढकलू शकेल असं सोबत कुणीतरी असावं. कोणत्या राइडला काय चालतं याची माहिती उद्यानाच्या नकाशात आणि अ‍ॅपमध्ये चिन्हांनी दिलेली असते. ती आदल्या रात्री बघून ठेवावी.

आता एक मोठा गैरसमज. स्कूटर घेतली की रांग चुकते, असं अनेकांना वाटतं. तसं काही नाही. स्कूटरवरचा माणूस इतरांएवढाच वेळ थांबतो, फक्त बसून थांबतो. डिस्नेची डिसेबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस नावाची वेगळी योजना २०१३ साली सुरू झाली. आधीच्या सवलतकार्डाचा गैरवापर होत असल्याने ती आणली गेली. २०२४ मध्ये तिचे निकष आणखी कडक झाले: ऑटिझम किंवा त्यासारख्या विकासात्मक अक्षमतेमुळे ज्यांना नेहमीच्या रांगेत फार वेळ थांबणं शक्य होत नाही, मुख्यतः त्यांच्यासाठीच ती आहे. गुडघेदुखी त्यात बसत नाही. हे आधीच कळलेलं बरं, म्हणजे दारात जाऊन हिरमोड होत नाही.

बॅटरीचं गणित सांभाळायला अवघड नाही. कंपनी एका चार्जिंगमध्ये जेवढं अंतर सांगते, त्यापेक्षा प्रत्यक्षात कमीच मिळतं. चालवणाऱ्याचं वजन, चढ आणि वारंवार थांबत-निघत चालणं यांनी बॅटरी लवकर उतरते. रोज रात्री खोलीत चार्जर लावायचाच, निम्मी बॅटरी शिल्लक असली तरी. चार्जर दिवसा पिशवीत असावा; जेवताना भिंतीतला प्लग मिळाला तर तासाभराने बराच फरक पडतो. जून ते सप्टेंबर या काळात फ्लोरिडात दुपारी गडगडाटासह पाऊस कोसळतो. माणूस भिजला तर चालतं, हँडलवरच्या कळा भिजता कामा नयेत. दोन रेनकोट न्यावेत, एक अंगात घालायला आणि एक हँडलवर टाकायला. राइडला जाताना स्कूटर बाहेर ठेवली, की परतल्यावर तशाच दहा-वीस गाड्या शेजारी उभ्या दिसतात, आणि एकाच बनावटीच्या गाड्यांना पुष्कळदा एकाच छापाची किल्ली लागते. तेव्हा किल्ली न विसरता काढावी आणि हँडलला ठसठशीत रंगाची रिबन बांधावी.

गर्दीत स्कूटर चालवताना सगळ्यात जास्त जपावं लागतं ते पुढच्याच्या टाचांना. मोबाइल बघत चालणारी माणसं अचानक थांबतात, लहान मुलं आडवी धावतात. आतषबाजी संपल्यावर दाराकडे जो लोंढा निघतो, त्यात शिरण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं एका बाजूला बसून राहिलेलं चांगलं. नातवंडाला मांडीवर घेऊन फिरण्याचा मोह होतो. पण स्कूटर एकाच माणसासाठी असते आणि त्या नियमाला सबळ कारण आहे. मुलाचा हात पट्टीवर पडला की गाडी सुटते.

आणखी एक त्रास असतो, तो नजरांचा. स्कूटरवरून उतरून कुणी दोन पावलं चालत राइडमध्ये जाऊन बसलं, की बघणाऱ्यांच्या भुवया उंचावतात: याला तर चालता येतंय की! बाहेरून न दिसणारं दुखणं असलेल्या तरुणांना हे जास्त सोसावं लागतं. हृदयाचा किंवा स्नायूंचा आजार चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. आपल्याकडच्या ज्येष्ठांना तर दुसऱ्यांच्या नजरेआधी स्वतःचाच संकोच आडवा येतो. स्कूटर म्हणजे आता आपण थकलो याची कबुली, असं त्यांना वाटतं. हा समज अगदी चुकीचा आहे. दोन तास चालून उरलेला दिवस बाकावर काढणं आणि दिवसभर स्कूटरवर फिरून संध्याकाळी नातवंडासोबत मिरवणूक बघणं यांत जास्त जगून घेतलेला दिवस कोणता, हे सांगायला नको. शिवाय व्हीलचेअरला ढकलणारा लागतो, कुठे थांबायचं हे तोच ठरवतो. स्कूटरवर बसलेल्या आजीला जपानच्या दालनात रेंगाळायचं असेल तर ती कुणाला न विचारता रेंगाळू शकते.

तेव्हा ऑर्लँडोचं ठरवताना घरातल्या मोठ्यांना ‘चालवेल का?’ असं विचारू नका. ‘सलग किती वेळ उभं राहवतं?’ असं विचारा. उत्तर अर्ध्या तासाहून कमी आलं, तर विमानाच्या तिकिटांबरोबरच स्कूटरही बुक करून टाका. नाताळच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आयत्या वेळी मिळेलच याची खात्री नसते.